कोल्हापूर परिसरातील ट्रिथेमिस चतुर : चार जाती कशा ओळखाव्यात

पावसाळा ओसरू लागला की रंकाळा, कळंबा आणि राजाराम तलावांच्या काठांवर, पंचगंगेच्या बंधाऱ्यांपाशी आणि उसाच्या फडांना पाणी देणाऱ्या पाटांवर चतुरांची वर्दळ वाढते. त्यांपैकी तांबडे, जांभळट किंवा पिवळे-काळे दिसणारे मध्यम आकाराचे अनेक चतुर एकमेकांसारखे भासतात आणि केवळ रंगावरून त्यांना नाव दिले की ओळख हमखास चुकते. या लेखात त्यांतील एका लहानशा समूहाचा, म्हणजे ट्रिथेमिस या प्रजातीतील चार जातींचा विचार केला आहे. चारही जाती आपल्या परिसरातील पाणवठ्यांवर पाहण्यासारख्या आहेत, त्यांची राहण्याची ठिकाणे वेगवेगळी आहेत आणि त्यांतील खुणा उघड्या डोळ्यांनी किंवा साध्या मोबाइलच्या छायाचित्रावरून तपासता येतात. त्यामुळे चतुरांचा अभ्यास सुरू करणाऱ्यासाठी याहून चांगला समूह सुचवणे कठीण आहे.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे, की रंग सर्वांत शेवटी पाहावा. आधी समोरचा चतुर नर आहे की मादी, कोवळा आहे की पक्व, हे ठरवावे; मग तो कोठे आणि कसा बसला आहे ते पाहावे; त्यानंतर पंखाचे मूळ, पंखावरील शिरा आणि पंखाच्या टोकाजवळचा ठिपका तपासावा; आणि एवढे झाल्यावरच रंगाकडे वळावे. हा क्रम उलटा केला की तांबडा दिसणारा प्रत्येक कीटक एकाच जातीचा वाटू लागतो आणि पिवळसर दिसणाऱ्या सगळ्या माद्या अनोळखी राहतात.

वर्गीकरणातील स्थान

चतुर आणि टाचण्या हे दोन्ही ओडोनाटा या गणातील कीटक. टाचण्यांचे शरीर काडीसारखे बारीक असते, पुढचे आणि मागचे पंख जवळजवळ सारख्या आकाराचे असतात आणि बहुतेक जाती बसताना पंख पाठीवर मिटून घेतात. चतुर दणकट असतात, त्यांचे मागचे पंख मुळाशी रुंद असतात आणि बसल्यावरही पंख पसरलेलेच राहतात. जगात या गणाच्या 6,000 हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि भारतातील जातींची संख्या 500 च्या आसपास आहे. तळ्याकाठी आपल्याला दिसणारे बहुसंख्य चतुर लिबेल्युलिडी या एकाच कुलातील असतात. या कुलात दोन्ही डोळे डोक्याच्या वरच्या बाजूस एकमेकांना भिडलेले असतात. ज्या चतुराच्या डोळ्यांमध्ये स्पष्ट अंतर दिसते तो गोम्फिडी या वेगळ्या कुलातील असण्याची शक्यता मोठी, आणि त्याचा या लेखाशी संबंध नाही.

लिबेल्युलिडी कुलातील ट्रिथेमिस ही प्रजाती फ्रीडरिश ब्राउअर यांनी 1868 मध्ये प्रस्थापित केली. प्रजाती हा शब्द येथे जवळच्या नात्यातील अनेक जातींच्या समूहासाठी वापरला आहे, हे ध्यानात ठेवावे. ट्रिथेमिसमध्ये 40 हून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी बहुतेक आफ्रिकेत राहतात. आपल्याकडे विचारात घ्यायच्या त्या चार : ट्रिथेमिस ऑरोरा, ट्रिथेमिस फेस्टिव्हा, ट्रिथेमिस पॅलिडिनर्व्हिस आणि ट्रिथेमिस किर्बीआय. ऑरोराचे वर्णन बुर्माइस्टर यांनी 1839 मध्ये, तर फेस्टिव्हाचे रँबूर यांनी 1842 मध्ये केले. पॅलिडिनर्व्हिसचे वर्णन इंग्रज कीटकशास्त्रज्ञ किर्बी यांनी 1889 मध्ये केले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, 1891 मध्ये, सेलीस यांनी चौथ्या जातीला किर्बी यांचेच नाव दिले. इंग्रजीत या जातींना अनुक्रमे क्रिमसन मार्श ग्लायडर, ब्लॅक स्ट्रीम ग्लायडर, लाँग-लेग्ड मार्श ग्लायडर आणि स्कार्लेट रॉक ग्लायडर म्हणतात. मार्श म्हणजे दलदल, स्ट्रीम म्हणजे ओढा आणि रॉक म्हणजे कातळ. ही नावे लक्षात ठेवली तर चारही जातींचे आवडते ठिकाण आपोआप लक्षात राहते.

समोरचा चतुर ट्रिथेमिस आहे हे कसे ठरवावे

पहिली खूण बसण्याच्या ढबीत आहे. ट्रिथेमिस चतुर काडीच्या टोकावर, दगडावर किंवा तारेवर बसला की काही क्षणांतच पंख पुढे आणि खाली झुकवतो. डोके आणि वक्ष पंखांच्या आडोशाला आल्यासारखे दिसते. एक-दोन वेळा झटका देऊन तो पंख आणखी पुढे ओढतो. ही सवय लिबेल्युलिडी कुलातील इतर काही चतुरांतही आढळते, म्हणून एवढ्यावर निर्णय देऊ नये. परंतु पंख सपाट आडवे ठेवून बसणारा चतुर असेल तर आधी दुसऱ्या प्रजातींचा विचार करावा. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, ट्रिथेमिसचे नर उदर सरळ वर सूर्याच्या दिशेने उभे करतात. त्यामुळे शरीराचा कमीत कमी भाग थेट उन्हात येतो आणि अंग तापत नाही. अशा अवस्थेत उदराची वरची बाजू आणि पंखांची मुळे एकाच वेळी नीट दिसतात, म्हणून निरीक्षकाने दुपारची वेळ टाळू नये.

दुसरी खूण आकाराची. उदराची लांबी साधारणपणे 2 ते 3 सेंटिमीटर, म्हणजे हा मध्यम किंवा त्याहून किंचित लहान चतुर. पावसाळ्याच्या अखेरीस मैदानांवर थव्यांनी तरंगणारा पँटाला फ्लॅव्हेसेन्स याहून मोठा असतो, क्वचितच बसतो, आणि बसला तरी फांदीला लोंबकळल्यासारखा बसतो. तळ्याकाठचे ऑर्थेट्रम प्रजातीचे चतुरही बहुधा मोठे आणि भक्कम बांध्याचे असतात.

तिसरी खूण पंखातील शिरांची. तिला जवळून घेतलेले स्वच्छ छायाचित्र लागते, पण जेथे रंगाने फसगत होते तेथे ती फार उपयोगी पडते. पंखाच्या पुढच्या कडेवर, मुळापासून टोकाकडे जाताना साधारण मध्यावर, एक लहानशी खाच असते. तिला नोडस म्हणतात. मुळापासून नोडसपर्यंत कडेलगत आडव्या शिरांची एक रांग असते आणि त्या कडेखालचे दोन अरुंद कप्पे ओलांडून जातात. ट्रिथेमिसच्या पुढच्या पंखात नोडसच्या अगदी अलीकडची, म्हणजे शेवटची, आडवी शीर पहिला कप्पा ओलांडून थांबते. दुसऱ्या कप्प्यात ती उतरत नाही. ऑर्थेट्रममध्ये हीच शीर दोन्ही कप्पे पूर्ण ओलांडते. भारतातील चतुरांवर मूलभूत काम करणारे एफ. सी. फ्रेझर या अपूर्ण शिरेची गणना अर्धी म्हणून करत, आणि म्हणूनच जुन्या वर्णनांत शिरांची संख्या साडेदहा किंवा साडेतेरा अशी दिलेली आढळते. मात्र क्रोकोथेमिस या तांबड्या चतुरातही ही शीर अपूर्णच असते. त्याला वेगळे काढण्यासाठी इतर खुणा लागतात आणि त्या पुढे दिल्या आहेत.

नर, मादी आणि कोवळे चतुर

ओळखीतील बहुतेक गोंधळ येथे होतो, म्हणून हा टप्पा घाईने उरकू नये. चतुराच्या उदरात दहा खंड असतात. नराच्या उदराच्या दुसऱ्या खंडाखाली एक उंचवटा असतो. ते त्याचे दुय्यम जननेंद्रिय. बाजूने घेतलेल्या छायाचित्रात उदराच्या मुळाशी, खालच्या बाजूला, हा उंचवटा गाठीसारखा स्पष्ट दिसतो. मादीत ती जागा सपाट असते. उदराच्या टोकाकडे पाहिले तर नराला वर दोन आणि खाली एक अशी तीन उपांगे असतात, तर मादीच्या टोकाला दोनच आखूड उपांगे दिसतात आणि आठव्या-नवव्या खंडाच्या खाली अंडी घालण्याचा भाग असतो.

हे तपासणे आवश्यक अशासाठी, की कोवळे नर मादीसारखे दिसतात. पाण्यातील अर्भक काठावरच्या काडीवर किंवा दगडावर चढून शेवटची कात टाकते, तेव्हा बाहेर पडणाऱ्या चतुराचा रंग फिका आणि पिवळसर असतो आणि पंख काचेसारखे चमकतात. पुढचे काही दिवस तो पाण्यापासून दूर, गवतात किंवा झुडपांत राहतो आणि हळूहळू रंग धरतो. ऑरोराचा नर या काळात तांबडा नसतो. फेस्टिव्हाचा नर निळा नसतो. म्हणून उसाच्या फडाच्या बांधावर किंवा रानातल्या वाटेवर पिवळसर चतुर दिसला तर त्याला लगेच मादी म्हणू नये. दुसऱ्या खंडाखालची गाठ पाहावी आणि मगच पुढे जावे.

फेस्टिव्हाच्या पक्व नरांत, तसेच ऑर्थेट्रमच्या अनेक जातींच्या नरांत, अंगावर निळसर किंवा जांभळट भुकटीसारखा थर साठतो. तो मेणासारख्या द्रव्याचा असतो आणि वयाप्रमाणे दाट होत जातो. त्यामुळे एकाच जातीचे दोन नर, एक नुकताच पक्व झालेला आणि एक म्हातारा, शेजारी बसले तर वेगळे वाटू शकतात. मीलनाच्या वेळी मादीच्या पायांची पकड बसून नराच्या उदरावरील हा थर ठिकठिकाणी खरवडला जातो, आणि तशा खुणा दिसल्या तर त्या डागांना जातीचे लक्षण समजू नये.

चार जाती, एकेक करून

ट्रिथेमिस ऑरोरा ही तलाव, शेततळी, संथ पाट आणि नदीकाठचे डबरे अशा ठिकाणी सर्वांत सहज भेटणारी जाती. पक्व नराचे उदर गडद गुलाबी-तांबडे, त्यावर जांभळट झाक, वक्ष तांबूस आणि त्यावरही जांभळट थर, चेहरा तांबडा, पाय काळे. हे सारे सुंदर असले तरी निर्णायक खूण पंखांत आहे. पंख पारदर्शक असतात, पण त्यांतील शिरा स्वतः किरमिजी असतात, आणि मुळाशी मधासारख्या रंगाचा डाग असतो. भिंगातून किंवा वाढवलेल्या छायाचित्रात शिरांचे हे तांबडे जाळे एकदा पाहिले की पुन्हा शंका उरत नाही. उदराचे मूळ काहीसे फुगीर असते. मादीचे वक्ष शेवाळी-तपकिरी आणि त्यावर गडद रेघा. उदर तांबूस-तपकिरी ते पिवळसर, त्यावर मध्यभागी आणि बाजूंनी काळ्या खुणा. पंखांतील शिरा पिवळ्या ते तपकिरी. पंखाच्या टोकाजवळचा ठिपका एकसारख्या गडद रंगाचा. मादीसाठी ही शेवटची खूण विशेष लक्षात ठेवावी, कारण पॅलिडिनर्व्हिसपासून तिला वेगळे करण्याचे काम तीच करते.

ट्रिथेमिस किर्बीआय ही कातळाची जाती आहे. नदीच्या उघड्या पडलेल्या खडकाळ पात्रात, बंधाऱ्याच्या दगडी खांबांवर, काँक्रीटच्या कठड्यांवर, अगदी तापलेल्या मुरमाड वाटेवरही नर उघड्यावर बसलेला आढळतो. त्याचा रंग निखळ शेंदरी-लाल असतो. ऑरोरातील जांभळट झाक येथे नसते. त्याहून महत्त्वाची खूण पंखांवर आहे : मुळाशी असलेला नारिंगी-पिवळा डाग पुढच्या आणि मागच्या, दोन्ही पंखांत मोठा असून तो नोडसच्या दिशेने बराच पसरलेला असतो. ऑरोरात हा डाग मुळापुरता मर्यादित राहतो. मादीचे अंग सोनेरी-पिवळसर आणि त्यावर तपकिरी रेघा असतात. तिच्या पंखांवरचा डाग नरापेक्षा फिका असला तरी त्यावरून ओळख पटते. ही जाती आफ्रिका, अरबस्तान आणि दक्षिण आशियात पसरलेली आहे आणि अलीकडच्या दशकांत तिने दक्षिण युरोपातही, विशेषतः स्पेनमध्ये, पाय रोवला आहे. उघड्या, तापलेल्या दगडांवर राहण्याची तिची क्षमता पाहता त्यात नवल नाही.

ट्रिथेमिस फेस्टिव्हाला वाहते पाणी लागते. ओढ्याच्या मधोमध पाण्याबाहेर आलेल्या दगडावर किंवा पाण्यावर झुकलेल्या काडीवर नर बसतो, दुसरा नर आला की त्याला हुसकावतो आणि पुन्हा त्याच दगडावर परततो. पक्व नर लांबून काळा दिसतो. जवळून पाहिल्यास वक्षावर गडद जांभळट-निळा थर आणि उदराच्या पहिल्या दोन-तीन खंडांवर निळसर थर दिसतो. उदराच्या मधल्या खंडांवर, पाठीच्या बाजूला, पिवळ्या-नारिंगी बारीक रेघांच्या जोड्या असतात. वय वाढेल तशा त्या पुसट होतात, म्हणून त्या नाहीत एवढ्यावरून फेस्टिव्हा नाकारू नये. मागच्या पंखाच्या मुळाशी गडद तपकिरी डाग असतो आणि तो काळ्या अंगाशेजारी सहज निसटून जातो. बसलेल्या नराच्या वरून, पंख पसरलेले असताना, तो शोधावा. मादी पूर्णपणे वेगळी : वक्ष हिरवट-पिवळे, त्याच्या दोन्ही बाजूंना उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी गडद खूण, उदर पिवळे आणि त्यावर काळ्या उभ्या रेघा, आणि पंखांची टोके बहुधा तपकिरी. ओढ्यात पाण्यावर उदराचे टोक वारंवार टेकवत अंडी घालणारी पिवळी-काळी मादी दिसली तर प्रथम हीच जाती तपासावी.

ट्रिथेमिस पॅलिडिनर्व्हिस ही चौघांत सर्वांत कमी भडक आणि, माझ्या मते, ओळखायला सर्वांत सोपी. तिचे पाय विलक्षण लांब असतात. पाणकणसाच्या किंवा लव्हाळ्याच्या अगदी टोकावर, वाऱ्याने डोलत, लांब पायांवर अंग उचलून आणि पंख पुढे ओढून ती बसते. ही आकृती दुरूनही कळते. अंगावर पिवळा आणि काळा हे दोनच रंग प्रमुख असतात, वक्षाची वरची बाजू शेवाळी-तपकिरी असते आणि नराच्या कपाळावर जांभळी धातूसारखी चमक असते. नर आणि मादी एकमेकांशी बरेच मिळतेजुळते दिसतात. निर्णायक खूण पंखाच्या टोकाजवळच्या ठिपक्यात आहे : तो काळा असतो आणि त्याची दोन्ही टोके पांढुरकी असतात. ऑरोरा किंवा फेस्टिव्हाच्या मादीत असा दुरंगी ठिपका नसतो. पिवळा-काळा ट्रिथेमिस समोर आला की सर्वांत आधी हा ठिपका पाहावा. निम्म्याहून अधिक प्रश्न तेथेच सुटतो.

फसवणारे इतर चतुर

रंकाळ्यासारख्या, जलपर्णी आणि सांडपाण्याचा त्रास असलेल्या पाण्यावर ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा हा नारिंगी चतुर मोठ्या संख्येने आढळतो, कारण प्रदूषित पाणी त्याला चालते. त्याच्या नराच्या पंखांवर मोठे नारिंगी डाग असल्यामुळे तो वारंवार किर्बीआय म्हणून नोंदला जातो. फरक असा, की कंटॅमिनाटात नारिंगी रंग नोडस ओलांडून पंखाच्या टोकाजवळच्या ठिपक्याच्या थोडा अलीकडेपर्यंत पोहोचतो आणि तो ठिपका स्वतःही तांबूस असतो. शिवाय तो पाण्यालगत, बुटक्या वनस्पतींवर बसतो. उघड्या तापलेल्या कातळावर नव्हे. या चतुराच्या मादीचे पंख जवळजवळ स्वच्छ असतात, त्यामुळे तिचा किर्बीआयच्या मादीशी गोंधळ होण्याचे कारण नाही.

दुसरा क्रोकोथेमिस सर्व्हिलिया. याचा नर रक्तासारखा लाल, ऑरोराहून किंचित मोठा, आणि उदर अधिक रुंद व चपटे. उदराच्या पाठीवरून मधोमध एक बारीक काळी रेघ जाते. पाय काळे नसून तांबूस-पिवळसर असतात, आणि पंखांत ऑरोरासारखे सर्वत्र पसरलेले किरमिजी शिरांचे जाळे नसते. पायांचा रंग ही येथे सर्वांत जलद खूण आहे, आणि ती छायाचित्रात टिपण्यासाठी चतुराला बाजूने, त्याच्याच उंचीवर येऊन पाहावे लागते.

ऑर्थेट्रम प्रुइनोसम या चतुराचे उदर गुलाबी-जांभळट आणि वक्ष गडद निळसर-काळपट असते. ऑरोरात वक्ष आणि उदर दोन्ही एकाच छटेकडे झुकतात. येथे दोन्हींत स्पष्ट फरक दिसतो, चेहरा तांबडा नसतो, आणि अंगही मोठे असते. घाटाकडच्या ओढ्यांवर ऑर्थेट्रम ग्लॉकमचा निळा नर फेस्टिव्हाच्या शेजारीच बसलेला असू शकतो. तो मोठा असतो आणि त्याचे संपूर्ण उदर निळसर थराने झाकलेले असते, तर फेस्टिव्हात हा थर मुळाकडच्या खंडांपुरता ठळक असतो. शंका राहिली तर नोडसजवळची अपूर्ण शीर निकाल देते.

कोल्हापूर जिल्ह्यात कोठे आणि केव्हा पाहावे

कोल्हापूर जिल्हा या अभ्यासासाठी भाग्यवान आहे. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी हे अतिपावसाचे तालुके, आणि पूर्वेला शिरोळ, हातकणंगले हे तुलनेने कोरडे, सपाट आणि उसाचे. घाटातून निघणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांची मिळून पंचगंगा होते, आणि त्यांच्या वाटेवर ओढा, खडकाळ पात्र, संथ डोह, बंधारा, पाट आणि तलाव अशी सर्व प्रकारची पाणथळ ठिकाणे थोड्या अंतरात सापडतात. ट्रिथेमिसच्या चार जातींपैकी प्रत्येकीला यांतील वेगळे ठिकाण मानवते. म्हणून चारही पाहायच्या असतील तर एकाच तलावाला फेऱ्या मारत बसू नये, ठिकाण बदलावे.

ऑरोरा आणि पॅलिडिनर्व्हिससाठी काठावर पाणकणीस, लव्हाळा किंवा उंच गवत शिल्लक असलेले तलाव निवडावेत. काठ पूर्णपणे दगडी बांधून घेतला असेल तर बसायला टोके उरत नाहीत आणि पॅलिडिनर्व्हिस दिसण्याची शक्यता कमी होते. ती पाण्यापासून थोडी दूर, कुंपणाच्या तारेवर किंवा झुडपाच्या शेंड्यावरही बसते, म्हणून केवळ पाण्याची कड न्याहाळू नये.

किर्बीआय आणि फेस्टिव्हासाठी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ही उत्तम जागा. दसरा-दिवाळीच्या सुमारास पूर ओसरून नदी पात्रात उतरली आणि बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवण्याच्या फळ्या, घातले गेले, की खालच्या अंगाला खडकांतून पातळ धारांनी पाणी वाहू लागते. त्या धारांमधल्या ओल्या दगडांवर फेस्टिव्हा शोधावी, आणि वरच्या कोरड्या, तापलेल्या दगडांवर व खांबांवर किर्बीआय. भर पावसाळ्यात बंधारे पाण्याखाली असतात; तेव्हा तेथे जाण्यात अर्थही नाही आणि सुरक्षितताही नाही. घाटाकडच्या बारमाही ओढ्यांवर फेस्टिव्हा अधिक काळ भेटते. उन्हाळ्यात नद्यांचे कातळ उघडे पडतात तेव्हा किर्बीआय पाहण्याची संधी वाढते, आणि ऑरोरा तर पाणी टिकून असेल तेथे वर्षभर दिसू शकते. सकाळी दहा ते दुपारी दोन ही वेळ सर्वांत उत्पादक. ढगाळ हवेत चतुर झुडपांत दडतात आणि पाणवठा रिकामा वाटतो.

राधानगरी अभयारण्यात, म्हणजे दाजीपूरच्या जंगलासह संरक्षित क्षेत्रात, वनविभागाच्या परवानगीशिवाय कोणताही जीव पकडता किंवा गोळा करता येत नाही. या चार जाती ओळखण्यासाठी पकडण्याची गरजही पडत नाही.

छायाचित्रे आणि नोंद

चांगल्या ओळखीसाठी एका चतुराची किमान चार छायाचित्रे हवीत : एक बाजूने, ज्यात पाय आणि उदराचे मूळ दिसेल, एक वरून, ज्यात पंखांची मुळे आणि उदराची पाठ दिसेल, एक समोरून, चेहऱ्याचे, आणि एक पंखाच्या टोकाचे, ज्यात ठिपका स्पष्ट असेल. एकाच कोनातून काढलेली वीस छायाचित्रे या चारांची जागा घेऊ शकत नाहीत. जवळ जाताना आपली सावली चतुरावर पडू देऊ नये, खाली वाकून हळूहळू सरकावे आणि तो उडाला तरी जागा सोडू नये, कारण ट्रिथेमिसचा नर बहुधा त्याच टोकावर परत येतो. थोडा वेळ स्थिर उभे राहिल्यास तो निरीक्षकाकडे दुर्लक्ष करतो, आणि मग मोबाइलनेही पुरेसे स्वच्छ चित्र मिळते. दुर्बीण वापरायची असेल तर दोन मीटरच्या आसपास स्पष्ट दिसेल अशी निवडावी. पक्षिनिरीक्षणाच्या अनेक दुर्बिणी एवढ्या जवळच्या वस्तूवर स्थिर होत नाहीत.

नोंदीत तारीख, वेळ, गाव आणि तालुका यांच्यासह पाण्याचा प्रकार अवश्य लिहावा : वाहते की साठलेले, काठावर वनस्पती आहेत की उघडा दगड. पुढे शंका निघाली तर या दोन शब्दांचा उपयोग रंगाच्या वर्णनापेक्षा अधिक होतो. काठावर काडीला चिकटलेली कात आढळली तर तिचेही छायाचित्र घ्यावे, कारण उडता चतुर कोठूनही आलेला असू शकतो, पण कात त्याच पाण्यात वाढ झाल्याचा पुरावा असते. आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळांवर छायाचित्रे टाकताना चारही कोनांची चित्रे एकाच नोंदीत टाकावीत. एकेक चित्र वेगळे टाकले तर तपासणाऱ्याला प्रत्येक वेळी अपुऱ्या माहितीवर मत द्यावे लागते. तेथील संगणकीय सूचना तांबड्या चतुरांच्या बाबतीत बहुधा रंग आणि सर्वसाधारण आकृती यांवर झुकते, म्हणून ती स्वीकारण्यापूर्वी पायांचा रंग, पंखांच्या शिरा आणि मुळाचा डाग या तीन गोष्टी स्वतः पडताळाव्यात.

आणि जेथे या खुणा दिसल्याच नाहीत, उदाहरणार्थ लांबून टिपलेली एखादी पिवळसर मादी, जिच्या पंखावरचा ठिपका धूसर आला आहे, तेथे नोंद प्रजातीपर्यंतच ठेवावी : ट्रिथेमिस, मादी, ठिकाण आणि पाण्याचा प्रकार. अशी नोंद अपुरी असली तरी खोटी नसते, आणि त्याच काठावर पुढच्या खेपेस स्पष्ट छायाचित्र मिळाले की तिच्या शेजारी जातीचे नाव लिहिता येते.